हंगामी कामासाठी परगावी जागा शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीड ते सहा महिन्यांच्या कामासाठी दुसऱ्या शहरात जाणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. काम हॉटेलातलं असो, गोदामातलं, काढणीचं किंवा प्रदर्शनातल्या स्टॉलवरचं. जागेच्या अडचणी बहुतेक सारख्याच. भाड्याचे कायदे ठिकाणागणिक बदलतात, त्यामुळे जिथे स्थानिक नियम बघावाच लागतो तिथे तसं म्हटलं आहे.

जागा कधीपासून शोधायला लागायचं?

चौकशी सहा ते आठ आठवडे आधी, पण पैसे मात्र कामाचं पत्र हातात आल्यावरच. "तुमचं नक्की आहे, या तुम्ही" असा फोन म्हणजे पत्र नव्हे. पत्रात किंवा ईमेलमध्ये रुजू व्हायची तारीख, कामाचं नेमकं ठिकाण आणि हंगाम साधारण कधी संपणार, एवढं तरी हवं. एकाच कंपनीची शहरात दोन-तीन ठिकाणं असतात आणि कोण कुठे जाणार हे अगदी शेवटी ठरतं. ते कळण्याआधी खोली घेतली की रोज शहर ओलांडत बसावं लागतं.

तुमचा हंगाम आणि पर्यटकांचा हंगाम एकच असेल तर मालकांना महिन्याचा भाडेकरू नकोसा असतो, कारण रात्रीच्या हिशेबाने त्यांना जास्त मिळतं. अशा वेळी पर्यटकांच्या पट्ट्यापासून थोडं लांब शोधलेलं बरं. कॉलेजांच्या सुट्ट्याही बघून ठेवा. विद्यार्थी गेले की खोल्या रिकाम्या होतात आणि सत्र सुरू व्हायच्या आठवड्यात त्या परत हव्या असतात. तुमचं काम त्यापुढे दोन आठवडे चालणार असेल, तर ते दोन आठवडे कुठे काढायचे हे जागा घेतानाच ठरवा.

किती दिवस आधी पोचावं आणि जागा किती दिवसांची घ्यावी?

जागा ठरलेली असेल तर दोन दिवस आधी पोचलं तरी पुरतं. मुदत मात्र काम संपल्यावरही तीन-चार दिवस पुढे धरा. हे शेवटचे दिवस लोक हमखास विसरतात. हिशेब, गणवेश परत करणं, खोलीची सफाई, मीटरची नोंद, किल्ली देणं हे सगळं शेवटच्या शिफ्टनंतर एका संध्याकाळी उरकत नाही. आणि घाईघाईने निघालेल्या माणसाचीच अनामत जास्त अडकते.

आधी हॉस्टेलात उतरलं आणि तिथे जाऊन खोली शोधली तर?

शहर मोठं असेल तर आमच्या मते हाच सगळ्यांत सुरक्षित रस्ता. पाच ते सात रात्रींची कॉट घ्या, रद्द करता येईल अशी. मात्र त्यातले निदान तीन पूर्ण दिवस रुजू होण्याआधीचे असू द्या, कारण पहिला आठवडा कामाची ओळख होण्यात जातो आणि संध्याकाळी खोल्या बघत फिरायचं त्राण उरत नाही. निघण्याआधीच पाच-सहा मालकांशी बोलून भेटीच्या वेळा ठरवून ठेवा. रिकाम्या हाताने उतरू नका.

गाव लहान आणि हंगाम जोरात असेल तर हा बेत फसतो. तिथे आल्यावर शोधायला काही शिल्लकच नसतं. अशा ठिकाणी लांबूनच जागा पक्की करावी लागते. ती कशी, ते पुढे आहे.

कंपनी राहायची सोय देते आहे. घ्यावी का?

पहिल्याच हंगामाला जात असाल तर बहुधा घ्यावी. अनामत नाही, दलाली नाही, प्रवास कमी. पण "राहायची सोय आहे" या तीन शब्दांवर विसंबू नका. पगारातून किती कापणार, ते खोलीचे की कॉटचे, आणि काम नसेल त्या दिवसांचेही कापणार का, हे विचारा. खोलीत किती जण, बाथरूम किती जणांत एक, स्वयंपाक करता येतो का, स्वतःचं कुलूप लावायला कपाट आहे का, हेही. कपात पगाराच्या चिठ्ठीवर वेगळी दाखवली जायला हवी. नाहीतर हंगामाच्या शेवटी ती किती झाली यावरून वाद होतो.

खरा धोका वेगळाच आहे. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्पर त्याच दिवशी जातं. काम सुटलं किंवा कंपनीने काढलं तर खोली सोडायला किती दिवस मिळणार, हे लेखी मागा. सात दिवस ही वाजवी मागणी आहे. उत्तर "त्याच दिवशी" असं असेल तर परतीचं भाडं आणि तीन-चार रात्रींच्या हॉस्टेलचे पैसे कायम बाजूला ठेवा, त्यांना हात लावू नका.

ओळखपत्र, पासपोर्ट, प्रमाणपत्रं यांच्या प्रती द्याव्यात. मूळ कागद कंत्राटदाराकडे किंवा वॉर्डनकडे "सुरक्षित राहावेत म्हणून" ठेवायला देऊ नयेत. कागद दुसऱ्याच्या कपाटात असले की तुम्हाला वाटेल तेव्हा निघता येत नाही.

महिन्याचं भाडं परवडतंय. मग लोक अडकतात कुठे?

महिन्याचं भाडं हा हंगामी कामात फसवा आकडा आहे. त्यापेक्षा दोन हिशेब करा.

पहिला, पहिल्या पगारापर्यंत हातात किती लागेल. दोन महिन्यांची अनामत, एका महिन्याचं आगाऊ भाडं आणि अर्ध्या महिन्याची दलाली धरली तर पहिल्याच दिवशी साडेतीन महिन्यांचं भाडं खिशातून जातं. पगार महिना संपल्यावर होत असेल तर तो हाती यायला चार-पाच आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांचं जेवण आणि प्रवास वर. एवढी रक्कम नसेल तर स्वस्त फ्लॅटच्या मागे लागू नका. आठवड्याच्या भाड्याची कॉट कागदावर महाग दिसली तरी ती घ्या. कंपनी उचल देते का, हेही रुजू होण्याआधी विचारून ठेवावं.

दुसरा हिशेब पूर्ण हंगामाचा. समजा पहिल्या खोलीचं भाडं महिना १००, एकदाच द्यायची दलाली १००, आणि गादी, बादली, भांडी घ्यायला ४० लागतात. दुसऱ्या खोलीचं भाडं १३०, पण सगळं सामान आत आहे आणि दलाली नाही. तीन महिन्यांना पहिली पडते ४४० ला, दुसरी ३९० ला. सहा महिन्यांना पहिली ७४०, दुसरी ७८०. म्हणजे पावणेपाच महिन्यांच्या आत काम आटोपणार असेल तर महाग दिसणारी खोलीच स्वस्त. तुमचे खरे आकडे घालून हे गणित एकदा मांडाच.

एकूण खर्चाला हंगामाच्या एकूण कमाईने भागा. एक तृतीयांशाच्या वर जात असेल तर खोली वाटून घ्या किंवा लांबची बघा. कमाई धरताना ओव्हरटाइम धरू नका; करारात जेवढ्या तासांची हमी आहे तेवढेच धरा. पावसाने किंवा मंदीने तास कमी होतात, भाडं कमी होत नाही.

जागा शोधायची कुठे?

सुरुवात कंपनीपासून करा. "राहायची सोय आहे का?" असं विचारण्यापेक्षा "गेल्या हंगामातली माणसं कुठे राहिली होती?" असं विचारलं तर बरेचदा दोन-चार पत्ते मिळतात. हंगामी माणसांना जागा देणारे मालक ठरलेले असतात. त्यांना तारखा मागेपुढे होण्याची सवय असते आणि ते जाहिरात देतातच असं नाही.

त्यानंतर कॉलेजांची आणि संस्थांची वसतिगृहं. सुट्टीत रिकाम्या खोल्या बाहेरच्यांना देणारी काही असतात, पण त्यांचे अर्ज लवकर बंद होतात. पीजी, खोली भाड्याने देणारी कुटुंबं, आठवड्याच्या दराने चालणारे लॉज, सर्व्हिस अपार्टमेंट असे बाकीचे प्रकार जाहिरातींच्या साइटवर आणि शहराच्या भाडेकरू गटांत सापडतात. गटात टाकायची पोस्ट चार ओळींची असावी: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती माणसं, कामाचं ठिकाण कुठल्या भागात, भाड्याची वरची मर्यादा. "अर्जंट रूम हवी" एवढंच लिहिलं की मालकांआधी फसवणारे धावून येतात.

लांबूनच जागा पक्की करायची आहे. फोटो बघून पैसे पाठवले तर चालेल?

फक्त फोटोंवर, नाही. फसवणुकीची तऱ्हा ठरलेली असते. भाडं आजूबाजूच्या निम्मं, फोटो मासिकातल्यासारखे, मालक नेमका परदेशात किंवा बदलीवर, "अजून तीन जण रांगेत आहेत" म्हणून आजच टोकन द्या, किल्ली कुरियरने येईल. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर पुढे बोलूच नका.

फोटो उलट शोधून बघा, म्हणजे सर्च इंजिनमध्ये तो फोटोच टाकून तो आणखी कुठे वापरला आहे ते बघा. तोच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत सापडला की विषय संपला. मग व्हिडिओ कॉल लावा, आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नको. मालकाला इमारतीच्या बाहेर रस्त्यावर उभं राहून सुरुवात करायला सांगा: इमारतीची पाटी, जिना, दार किल्लीने उघडणं, मग खोली. आत गेल्यावर नळ सोडायला सांगा, खिडकी उघडून समोर काय दिसतं ते दाखवायला सांगा. रस्ता ते खोली हा सलग प्रवास कॅमेरा बंद न करता दाखवणं फसवणाऱ्याला फार अवघड जातं. सोबत लाइट बिल किंवा घराच्या कराची पावती मागा. त्यावरचं नाव आणि ज्या खात्यात पैसे जाणार त्या खात्याचं नाव एकच असायला हवं. वेगळं असेल तर का, हे कागदानिशी सांगता आलं पाहिजे.

पैसे बँक खात्यातच पाठवा, तेही करार किंवा निदान तारखांसहित लेखी कबुली आल्यावर. गिफ्ट कार्ड, क्रिप्टो किंवा रोख पाठवणारी सेवा यांतून गेलेले पैसे जवळपास परत येतच नाहीत. आणि पैसे घेण्यासाठी कधीही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन किंवा ओटीपी सांगावा लागत नाही. "तुमची अनामत परत करतो, हा कोड स्कॅन करा" असं कुणी म्हणालं तर तो पैसे काढून घेतोय असं समजा.

त्या शहरात कुणी ओळखीचं असेल तर त्याला दहा मिनिटं जाऊन यायला सांगणं हे या सगळ्यापेक्षा सरस.

खोली प्रत्यक्ष बघताना काय तपासायचं?

भिंतीचा रंग नंतर बघा, आधी पाणी. एक लिटरची बाटली नळाखाली धरा. दहा सेकंदांत भरली तर उत्तम. वीस सेकंद लागली तर १५ लिटरची बादली भरायला पाच मिनिटं लागणार. गिझर किती लिटरचा ते वाचा. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर थंड पाण्यापासून पूर्ण तापायला वीसेक मिनिटं घेतो. चौघांची शिफ्ट सकाळी एकाच वेळी सुरू होत असेल तर शेवटच्याचं गरम पाणी पहिल्याच्या तासभर मागे पडतं. मग रोज एक जण गार पाण्याने अंघोळ करतो किंवा रोज एक जण उशिरा पोचतो.

गिझर गॅसवरचा असेल आणि बाथरूमला वारा खेळायला जागा नसेल तर ती खोली घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं आणि माणूस बंद दाराआड बेशुद्ध पडतो. थंड प्रदेशात गॅसच्या किंवा कोळशाच्या हीटरचं हेच. छोटा कार्बन मोनॉक्साइड अलार्म सोबत नेता येतो.

कपाट भिंतीपासून थोडं सरकवून मागे बघा. काळे ठिपके आणि कुबट वास म्हणजे ओल. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक फोन करा, दारातलं नेटवर्क काही कामाचं नाही. कुलूप आतून आणि बाहेरून लावून बघा, किल्ल्या किती जणांकडे आहेत ते विचारा. आग लागली तर दाराशिवाय दुसरी वाट कुठली? खिडकीला पक्के गज असतील आणि जिना एकच असेल तर निदान वरच्या मजल्यावरची खोली टाळा. रात्रपाळी असेल तर दिवसा झोपायचं आहे हे लक्षात ठेवून खोली दुपारी बघा: खाली वर्कशॉप आहे का, ऊन थेट पलंगावर येतं का, पडदे किती जाड आहेत.

कामापासून किती लांब चालेल?

एका बाजूला ४५ मिनिटं आणि महिन्याला २६ दिवस धरले तर महिन्याचे ३९ तास प्रवासात जातात. म्हणजे जवळपास पाच शिफ्ट, बिनपगारी. लांबची खोली किती स्वस्त आहे ते यावर तोलून बघा.

अंतरापेक्षा वेळ महत्त्वाची. शिफ्ट रात्री ११ ला सुटणार आणि शेवटची बस १०.५० ची, असं असेल तर तीन किलोमीटरसुद्धा लांब. रविवारचं आणि सुट्टीचं वेळापत्रक वेगळं बघा, कारण हंगामी कामाची गर्दी नेमकी त्याच दिवशी असते. शक्य असेल तर रुजू होण्याआधी एकदा शिफ्टच्या वेळीच तो रस्ता करून बघा. दुपारी गजबजलेला रस्ता रात्री कसा असतो हे नकाशा सांगत नाही.

करारात काय असायला हवं?

दोन्ही बाजूंची नावं, खोलीचा किंवा कॉटचा क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, भाडं कुठल्या तारखेला द्यायचं, त्यात वीज-पाणी-इंटरनेट येतं का, अनामत किती आणि खोली सोडल्यावर किती दिवसांत परत. हे सगळ्याच करारांत असतं. हंगामी माणसाने भांडून घ्यायची कलमं दोन: काम लवकर संपलं तर १५ दिवसांच्या नोटिशीवर सोडता यावं, आणि काम लांबलं तर त्याच भाड्यात दोन-चार आठवडे राहता यावं. पाच टक्के जास्त भाडं देऊन ही दोन कलमं मिळत असतील तर द्या. हंगाम ठरल्या तारखेलाच संपेल असं कुणीच सांगू शकत नाही, कंपनीसुद्धा.

मालक नेहमीचा ११ किंवा १२ महिन्यांचा छापील करार पुढे करतो आणि म्हणतो, "आधी सोडलात तरी चालतं हो." त्यात लॉक-इनचं कलम असेल तर चालत नाही. लॉक-इन म्हणजे ठरलेले महिने संपायच्या आत सोडलं तरी उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यावं लागणं. तोंडी आश्वासन त्याच कागदावर हाताने लिहून, दोघांच्या सह्या घेऊन पक्कं करा. मालक त्याला तयार नसेल तर उत्तर मिळालंच.

चौघांनी मिळून फ्लॅट घेताना करार एकाच्या नावावर करायचा आणि बाकीच्यांनी त्याला पैसे द्यायचे, ही सोय फार प्रचलित आहे. ज्याच्या नावावर करार तो एकटा मालकाला बांधील असतो. दोघे मध्येच पळाले तर त्यांचं भाडंही त्याच्यावर. चौघांची नावं घाला. तरीही एकत्र करारात मालक पूर्ण रक्कम कुणा एकाकडे मागू शकतो, असा नियम अनेक ठिकाणी असतो. म्हणून अनोळखी माणसांबरोबर फ्लॅट घेण्यापेक्षा कॉटचा स्वतंत्र करार बरा.

मालकाकडून नाही, सुट्टीवर जाणाऱ्या भाडेकरूकडूनच खोली मिळते आहे. घ्यावी?

मालकाची लेखी परवानगी असेल तर ही उत्तम सोय: सामान भरलेलं, मुदत नेमकी, दलाली नाही. परवानगी नसेल तर मालक उद्या दोघांनाही बाहेर काढू शकतो आणि तुम्ही दिलेली अनामत त्या भाडेकरूच्या खिशात राहते. त्याचा मूळ करार बघायला मागा, त्यात पोटभाडेकरू ठेवायला मनाई आहे का ते वाचा, आणि मालकाशी एकदा स्वतः बोला. "मालकाला कळू देऊ नका, पाहुणा आहे म्हणून सांगा" हे ऐकलं की उठा.

अनामत पूर्ण परत कशी मिळवायची?

ती मिळवायचं काम पहिल्या दिवशी करायचं असतं. सामान आत टाकण्याआधी पूर्ण खोलीचा सलग व्हिडिओ काढा: भिंती, फरशी, गादीच्या दोन्ही बाजू, फ्रिजच्या आतलं, बाथरूम, खिडक्यांच्या काचा. असलेल्या मोडतोडीचे जवळून फोटो घ्या. विजेच्या मीटरचा आकडा स्वच्छ दिसेल असा एक फोटो. हे सगळं त्याच दिवशी मालकाला पाठवा आणि सोबत दोन ओळी लिहा: "आज ताबा घेतला. सोबत खोलीची स्थिती." फोनमध्ये राहिलेल्या फोटोंच्या तारखेवर वाद होतो, पाठवलेल्या संदेशाच्या तारखेवर सहसा होत नाही.

सोडताना तेच उलट. मालकाला शेवटच्या दिवशी समोर उभं करा, मीटर दोघांनी बघा, किल्ल्या किती दिल्या ते लिहून घ्या. वापराने होणारी झीज, म्हणजे फिकटलेला रंग किंवा पडद्याचा उडालेला रंग, ही सर्वसाधारणपणे भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. फुटलेली काच किंवा जळालेला ओटा मारता येतो. कापलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा. "शेवटच्या महिन्याचं भाडं अनामतीतून वळतं करा" ही युक्ती बरेच जण करतात. करारात तशी मुभा नसेल तर मालक थकलेल्या भाड्याचा दावा करू शकतो, त्यामुळे आधी लेखी होकार घ्या.

वीजबिल कसं वाटायचं?

भाड्यात वीज धरलेली असेल तर तिला मर्यादा आहे का ते विचारा. वेगळी असेल तर हीटर आणि एसीवर लक्ष ठेवा. १.५ किलोवॅटचा हीटर रात्रभर आठ तास चालला तर १२ युनिट जळतात. एकाच्या कॉटशेजारचा हीटर सगळ्यांच्या बिलात बसतो. सब-मीटर (मालकाने खोलीसाठी बसवलेला वेगळा मीटर) असेल तर त्याचा सुरुवातीचा आकडा लिहा आणि मालक युनिटमागे लावणार तो दर वीज कंपनीच्या बिलावरच्या दराशी ताडून बघा. हीटर किंवा इस्त्री स्वस्त एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. वायर पातळ असते, तापते, आणि बहुतेकदा ती गादीखालून गेलेली असते.

खोलीत वेगवेगळ्या शिफ्टची माणसं आहेत. निभतं का?

रात्रपाळी आणि दिवसपाळी एका खोलीत निभत नाही. कुणीतरी कायम अर्धवट झोपलेला राहतो आणि यंत्रावर किंवा गाडीवर काम करणाऱ्याला ते धोक्याचं आहे. कंपनीच्या वसतिगृहात शिफ्टनुसार खोल्या मागा. पर्यवेक्षकाला हे बदलणं सोपं असतं, मागणी मात्र पहिल्या आठवड्यातच करावी लागते. एकच कॉट दोन शिफ्टच्या माणसांना आळीपाळीने देत असतील तर ती जागा घेऊ नये, भाडं कितीही कमी असो.

ढेकणांचं काय?

माणसं सतत बदलतात अशा कुठल्याही जागेत ते येतात. जागा घाण असायलाच हवी असं नाही. टॉर्च लावून गादीच्या शिवणी, कोपरे आणि पलंगाचे सांधे बघा. मोठा ढेकूण साधारण ५ मिलिमीटरचा, चपटा, तांबूस तपकिरी असतो. तो दिसला नाही तरी शिवणीवरचे शाईच्या टिंबांसारखे काळे डाग दिसतात. हे सगळं तपासून होईपर्यंत बॅग पलंगावर किंवा जमिनीवर ठेवू नका, बाथरूममध्ये ठेवा.

नंतर आढळले तर लगेच मालकाला लेखी कळवा. कपडे आणि चादरी ६० अंश पाण्यात धुवा किंवा ड्रायरमध्ये सर्वांत जास्त तापमानावर निदान अर्धा तास फिरवा. बाजारातला फवारा मारून ते बहुतेक वेळा शेजारच्या खोलीत पांगतात आणि आठवड्याने परत येतात. पूर्ण मजल्यावर व्यावसायिक फवारणी हाच उपाय, आणि ती करणं मालकाचं काम. घरी परतताना सगळे कपडे आधी मशिनमध्ये, मग कपाटात.

पोलिसांकडे किंवा पालिकेत नोंदणी करावी लागते का?

अनेक देशांत आणि शहरांत भाडेकरूची नोंद बंधनकारक असते, कुठे ती मालकाने करायची, कुठे राहणाऱ्याने, आणि मुदत काही दिवसांचीच असते. तिथल्या पोलिसांच्या किंवा पालिकेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. नोंदणीला नकार देणारा मालक बहुधा भाडं लपवत असतो. मग पत्त्याचा पुरावा, बँक खातं, टपाल सगळ्यातच अडतं.

पोचल्यावर जागा दाखवली त्यापेक्षा वेगळीच निघाली तर?

आत सामान लावू नका आणि उरलेले पैसे देऊ नका. व्हिडिओ काढा, मालकाला किंवा साइटला तिथूनच लेखी कळवा. बुकिंगच्या साइटवरून घेतली असेल तर तक्रारीची मुदत बरेचदा पहिल्या एक-दोन दिवसांचीच असते. त्या रात्रीपुरती हॉस्टेलची कॉट घ्या. दमलेला माणूस "आता आलोच आहोत तर राहू" म्हणतो आणि दोन रात्री झोपल्यावर त्याची तक्रार कुणी मनावर घेत नाही.

हंगाम अचानक लवकर आटोपला. उरलेलं भाडं द्यावं लागेल का?

करारात बाहेर पडायचं कलम असेल तर नोटिशीपुरतंच. नसेल तर मालकाशी बोला आणि जागा भरायला स्वतः माणूस आणून द्या. दुसऱ्या कंपनीचा हंगाम चालूच असेल तर तो सापडतो. नव्या माणसाचा करार मालकाशी थेट व्हायला हवा आणि तुमचा संपल्याचं पत्र तुम्हाला मिळायला हवं. नुसती किल्ली सोपवून निघाल तर त्याने केलेलं नुकसान तुमच्या अनामतीतून जाईल. काम कंपनीने मुदतीआधी थांबवलं असेल तर कामाच्या करारात भरपाईची तरतूद आहे का, तेही वाचा.

पुढच्या हंगामाला हीच खोली हवी असेल तर?

निघायच्या आठवड्यातच मालकाला सांगा आणि अंदाजे तारखा लिहून द्या. आगाऊ टोकन द्यायचं ठरलं तर पावतीवर रक्कम, खोली, तारखा आणि तुमचं काम रद्द झालं तर किती परत, हे चारही हवं. गादी, सायकल, भांडी मालकाकडे ठेवून जाणार असाल तर यादी करून त्याची सही घ्या आणि खोक्यांवर नाव घाला. किमती वस्तू आणि कागद मात्र सोबत न्या.